क्षची किंमत

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला गणित येत असणारच, असा एक गोड गैरसमज आमच्या गारगोटीत अजून टिकून आहे. बाजारात भाजीवालीसुद्धा "सायेब, तुमीच करा की हिशेब" म्हणून मोकळी होते. वास्तविक मी कॉमर्सला गेलो तोच मुळी बीजगणिताच्या भीतीने. दहावीला काठावर पास झालो आणि त्या दिवशी 'क्ष'ला जो रामराम ठोकला, तो थेट २०२० सालापर्यंत.

त्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद झाल्या, बँका मात्र चालू राहिल्या. पैसा अत्यावश्यक, म्हणून तो मोजणारे आम्हीही अत्यावश्यक! जूनमध्ये आमची कन्या आठवीत गेली. म्हणजे कुठे गेली नाही. घरातल्या घरात आठवीत गेली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, ते ती बघायची. पण बीजगणित पुन्हा पुन्हा बघायचं तर फोन हवा, आणि घरात फोन एकच, तोही माझ्या खिशात. त्यामुळे तिची शाळा मी घरी आल्यावर भरायची. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. रेंज तेवढ्याच जागी यायची.

शिकवणाऱ्या संस्थेचे मालक सलमान खान, हे कळल्यावर माझ्या आईने कपाळाला हात लावला. पण हे सलमान खान निराळे. अमेरिकेत आमच्यासारखेच पैशाच्या हिशेबात नोकरी करणारे. २००४ मध्ये त्यांनी लांब राहणाऱ्या नादिया नावाच्या नात्यातल्या बहिणीला घरबसल्या गणित शिकवायला घेतलं आणि त्यातून पुढे २००८ मध्ये खान अकॅडमी उभी राहिली. तिथले हिंदी व्हिडिओ कन्या लावायची. या फोनमधल्या गुरुजींचा मोठा गुण म्हणजे त्यांना राग येत नाही. सातव्यांदा मागे सरकवलं तरी तेच वाक्य, त्याच आवाजात. आमच्या वेळी दुसऱ्यांदा विचारलं की डस्टर यायचं. मात्र या गुरुजींना एक गोष्ट जमत नाही. वहीत डोकावणं.

"पप्पा, हे बघा की." एके दिवशी वही पुढे आली. 'वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १४ वर्षांनी ते दुप्पट होईल. तर आजची वये काढा.'

"दमून आलोय, उद्या बघू," मी म्हणालो. "उद्या या" म्हणण्याची सवय नोकरीत लागलेली असते. आठ दिवस उद्याच चालू होता. शेवटी तिने आपलं आपणच उत्तर काढलं. मुलीचं वय ८.४!

आमच्या हिने लगेच तोंडी हिशेब केला. "म्हणजे बाप २५.२ वर्षांचा. सतरा पुरी व्हायच्या आत बाप झाला म्हणायचा!" सगळे हसले. कन्या हसली नाही. "मला गणित येतच नाही," असं म्हणून तिने वही मिटली. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तीस वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, आणि मग आयुष्यभर पाळलं होतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी आवाज बारीक करून गच्चीवर व्हिडिओ लावला. एकदा, दोनदा, सहा वेळा. आणि एकदम उजेड पडला. अहो, क्ष म्हणजे आमचं सस्पेन्स खातं! कुणाची रक्कम ते कळत नाही, तोवर तिथे ठेवायची. बाकीचा हिशेब थांबवायचा नाही. समीकरणाचं म्हणाल तर तो ताळेबंदच. दोन्ही बाजू कायम सारख्या. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा मंत्र मला पाठ होता. तो का, हे वयाच्या ४२व्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. ३क्ष + १४ = २क्ष + २८. तिने उजवीकडचे २क्ष डावीकडे आणताना आणि डावीकडचे १४ उजवीकडे नेताना, दोन्ही अधिकच ठेवले होते. "बाळ, एका बाजूने २क्ष काढले, तर दुसऱ्या बाजूनेही काढायला नकोत? नाहीतर रात्री आठपर्यंत फरक शोधत बसावं लागतं." ती बघत राहिली. मग स्वतःच खोडून लिहिलं: क्ष = १४.

'अल्जिब्रा' हा शब्द अल्-ख्वारिझ्मीच्या नवव्या शतकातल्या अरबी ग्रंथाच्या नावातल्या 'अल्-जब्र'वरून आला. अर्थ, मोडलेलं पुन्हा बसवणं; स्पॅनिशमध्ये हाड बसवणाऱ्यालाही त्यावरूनच नाव पडलं. आमच्या कोल्हापूरकडे ते काम तालमीतले वस्ताद करतात. त्या संध्याकाळी गच्चीवर दोघांचं काहीतरी निखळलेलं जागेवर बसलं.

"मुलगी १४, वडील ४२," ती वाचत म्हणाली, आणि थांबली. "पप्पा, हे तर आपणच!" खरंच की. मी तिप्पट होतो. आणखी १४ वर्षांनी नुसता दुप्पट राहणार. पोरं वाढतात तसा बाप कमीच होत जातो, हे कुठल्याही व्हिडिओत सांगितलेलं नाही.

"तुम्हाला हे आधीपासून येत होतं ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! बँकेत आहे मी," मी ठोकून दिलं.

आता ती कोल्हापुरात कॉलेजला आहे. परवा सुट्टीला आली तेव्हा हसत म्हणाली, "पप्पा, रात्री साडेअकरापासून सहा वेळा एकच व्हिडिओ कुणी बघितला, ते फोनमध्ये दिसतं बरं का."

तिला तेव्हाच कळलं होतं. पाच वर्षं पोरीने ती नोंद सस्पेन्समध्ये ठेवली होती.