मूठभर गूळ

आमच्या ओसरीवर पाण्याचा तांब्या आणि गुळाची वाटी नेहमी झाकून ठेवलेली असे. उन्हातून आलेला माणूस सोयरा असो की अनोळखी वाटसरू, त्याला आधी गूळ-पाणी मिळे. नाव-गाव मागाहून विचारले जाई. या रीतीचा मला लहानपणी मोठा अभिमान वाटे. त्याच घरात १९५९च्या उन्हाळ्यात माझा सव्वा वर्षाचा धाकटा भाऊ पाण्यावाचून गेला.

त्याला हगवण लागली होती. पाणी दिले तर पोट अधिकच सुटेल, असे आजी म्हणाली. शेजारच्या बायकांनीही तेच सांगितले. आईने पाण्याचे भांडे त्याच्या नजरेआड नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी टाळू खोल गेली, डोळे आत गेले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सारे संपले. आजीचा त्याच्यावर फार जीव होता. आईने पुढच्या आयुष्यात या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. मात्र रात्री घरातल्या कोणाही मुलाने पाणी मागितले, की सर्वांच्या आधी तीच उठत असे.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात बांगलादेशात जाणे झाले. ढाक्याच्या एका प्राध्यापक मित्राने मला ईशान्येकडील सुनामगंजच्या हाओर भागात नेले. पावसाळ्यात तेथील गावे पाण्यात बेटांसारखी उभी असतात. आता पाणी ओसरले होते. एका अंगणात एक वृद्ध बाई मासळी वाळत घालत होती. मित्राने ब्रॅकचे नाव काढताच तिने हातातले काम थांबवले, तीन बोटे जुळवून चिमूट दाखवली, मग मूठ मिटली आणि म्हणाली, "लबण, गुड." त्या शब्दांचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही.

फझले हसन अबेद हे चितगावला शेल कंपनीत अधिकारी होते. मुक्तियुद्धानंतर लंडनमधील आपले घर विकून, भारतातून परतलेल्या निर्वासितांसाठी त्यांनी १९७२ साली याच भागातल्या शाल्ला येथे काम उभे केले. तीच ब्रॅक. तोवर मीठ-साखरेच्या पाण्याचा गुण सिद्ध झालेला होता. आतड्यातून मीठ शोषले जाण्यास साखरेची सोबत हवी असते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. या उपायाने कॉलऱ्याचा रोगीही सावरतो, हे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेने १९६८ मध्ये दाखवून दिले होते. १९७१ साली आपल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी हेच पाणी रोग्यांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

पण छावणीत डॉक्टर होते; खेड्यात कोण असणार? १९८० ते १९९० या दशकात ब्रॅकच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत त्यांनी हे शिकवले. त्यांचा मोबदला किती घरे झाली यावर नव्हे, तर आईच्या ध्यानात किती राहिले यावर ठरे. काही दिवसांनी दुसरे कोणी येऊन त्याची परीक्षा घेई.

तरीही आरंभी एक गोष्ट अडली. बायकांना सारे पाठ असे, परंतु मूल आजारी पडले की पुष्कळ जणी ते पाणी करीत नसत. शोध घेता कळले, की शिकविणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास बसलेला नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग आधी कार्यकर्त्यांची खात्री पटविण्यात आली. पुरुषांशीही बोलणे झाले.

परोपकार म्हणजे दूरदेशाहून आलेली धान्याची पोती, असेच चित्र तोवर माझ्या मनात होते. येथे कोणी काहीच आणले नव्हते. मीठ त्यांचे, गूळ त्यांचा, पाणीही त्यांचेच. आमच्या घरीही ही तिन्ही होती, हा विचार मात्र मला तेथे उभे राहू देईना.

"पहिल्या वेळी तुमचा विश्वास बसला?" मित्राकरवी मी विचारले.

"सासू नको म्हणत होती," ती म्हणाली. "त्या मुलीने आधी स्वतः घोटभर घेतले. मग सासूला दिले. सासू प्याली, तेव्हा मी लेकराला पाजले."

मला आजी आठवली. इतकी वर्षे मी मनातल्या मनात तिला दोष देत आलो होतो. तिच्याजवळ बसून, आधी स्वतः घोट घेऊन, मग तो पेला तिच्या हाती देणारे कोणी आमच्या ओसरीवर आलेच नव्हते.

निघताना त्या बाईने खजुराच्या गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी माझ्यापुढे केले. गूळ तोंडात विरघळेपर्यंत मी काही बोललो नाही.