केजच्या ऑर्केस्ट्रा-वादकाचा हंगाम

मराठवाड्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे दहा-पंधरा कलाकारांचा फिरता संच. त्यात दोन ऑर्गन, ऑक्टोपॅड, ढोलकी, तबला, काँगो, लीड गिटार आणि बेस गिटार असते. तीन-चार गायक-गायिका, निवेदक आणि बहुधा एक मिमिक्री कलाकार असतो. शिवाय साउंड आणि लाइट सांभाळणारी मुले. ही रचना पुण्या-मुंबईत साठ-सत्तरच्या दशकांत हिंदी चित्रपटगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून घडली. पुण्याचे ‘मेलडी मेकर्स’ हे त्या काळातले मोठे नाव. कल्याणजी-आनंदजींचे कार्यक्रम देशाबाहेरही गेले. नाट्यगृहात बसून ऐकण्याचा हा प्रकार पुढे गावच्या जत्रेत, गणपतीच्या मांडवात आणि जयंतीच्या व्यासपीठावर आला. प्रस्तुत लेखकाने बीड जिल्ह्यातल्या केजहून निघणाऱ्या अशाच संचांत ऑर्गन वाजवला आहे. पुढील वर्णन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

केजच्या वादकाचे वर्ष ऊस ठरवतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे गणपती आणि नवरात्र हा घरच्या भागातला पहिला हंगाम. माणसे अजून गावात असतात, मुकादमाकडून उचल मिळालेली असते, मंडळांची वर्गणी जमते. दिवाळीनंतर वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरतात. मग संचही त्याच दिशेने जातो, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातील जत्रांकडे. तिथे मैदानाच्या मागच्या कडेला ऊसतोड टोळीची माणसे उभी असतात, कामाच्याच कपड्यांत, कारण पहाटे पुन्हा फडावर जायचे असते. निवेदकाने संच केजचा असल्याचे सांगितले की त्या कडेवरून आरोळी उठते. वादकाला त्या क्षणी जे वाटते ते कोणत्याही मानधनात मोजता येत नाही.

19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीपासून घरचा दुसरा हंगाम सुरू होतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा या भागातली मोठी. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीचे कार्यक्रम त्या एका दिवसात मावत नाहीत, पुढचे काही आठवडे चालू राहतात. त्यातच लग्नसराई आणि हळदीचे कार्यक्रम येतात. 31 मेच्या अहिल्यादेवी जयंतीनंतर पाऊस सुरू झाला की वाद्ये खोळीत जातात. पावसाळ्यात वादक शेतात असतो, दुकानात असतो, नाहीतर शिकवण्या घेतो. 1 ऑगस्टच्या अण्णा भाऊ साठे जयंतीला वाद्ये पुन्हा बाहेर निघतात.

संगीत विद्यालयातून या धंद्यात आलेले वादक थोडे. बहुतेकांची पहिली शाळा मिरवणूक आणि भजन. हलगी किंवा ताशा वाजवणारा मुलगा पुढे बँजो पार्टीत जातो. महाराष्ट्रातला हा बँजो म्हणजे विजेवर चालवलेला बुलबुल तरंग. त्याचे मूळ वाद्य तैशोगोतो 1912 मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झाले. त्याला कळा असतात, त्यामुळे बँजोवर बसलेली बोटे ऑर्गनवर लवकर रुळतात. दुसरी वाट भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या गायन पार्ट्यांची. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांनी या भागातल्या कितीतरी ढोलकीवाल्यांना लय दिली. या वाटेने आलेला वादक नोटेशन वाचत नाही. त्याचे शिक्षण कानावर झालेले असते. नवे गाणे मोबाइलवर दोनदा ऐकून तिसऱ्यांदा वाजवणे ही त्याची रोजची गोष्ट आहे, आणि हे कसब मोठ्या मानाचे आहे.

कार्यक्रम ठरणे याला सुपारी म्हणतात. आयोजक संचमालकाला इसार देतो, उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या रात्री. वादकाला पैसे नाइटवर मिळतात: जितक्या रात्री वाजवले तितके. गायकाची नाइट वादकापेक्षा मोठी असते, आणि चित्रपटातील किंवा दूरचित्रवाणीवरील एखादा चेहरा आणला असेल तर त्याची रक्कम साऱ्या संचाहून अधिक असू शकते. हंगामात एक वादक दोन-तीन संचांना तारखा देतो. शब्द दिलेली तारीख मोडणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा दोष मानला जातो.

केजला रेल्वे नाही; सारा दौरा रस्त्याचा. मांजरसुंब्याला गेले की धुळे-सोलापूर महामार्ग लागतो, तिथून वर छत्रपती संभाजीनगर, खाली तुळजापूर-सोलापूर. दुसरीकडे अंबाजोगाई आणि लातूर. मांजरा नदी ओलांडून कळंब-बार्शीवरून पुण्याची वाट. साउंड टेम्पोत जातो आणि दुपारीच पोहोचतो. कलाकार क्रूझरमधून मागाहून. ऑर्गन मात्र वादक टेम्पोत देत नाही, स्वतःच्या मांडीवर किंवा सीटमागे ठेवतो. परतीचा प्रवास रात्री बाराच्या पुढचा असतो आणि त्याची भीती सगळ्यांना असते. उसाच्या दिवसांत दिवे नसलेले ट्रॅक्टर आणि दुहेरी ट्रॉल्या रस्त्यावर असतात. म्हणून पुढच्या सीटवरच्या माणसाने झोपायचे नाही, चालकाशी बोलत राहायचे, असा नेम पाळला जातो.

गावात व्यासपीठ कधी शाळेच्या ओट्यावर असते, कधी दोन ट्रॉल्या एकमेकींना लावून केलेले. सर्वांत आधी वीज पाहायची. जनरेटरवर एकाच वेळी शार्पी लाइट आणि बेसचे बॉक्स पेटले की दाब खाली येतो आणि ऑर्गन गाण्याच्या मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सुरू व्हायला लागणारे सेकंद वादकाला फार लांब वाटतात. यावर उपाय म्हणजे वाद्यांची लाइन दिव्यांपासून वेगळी घेणे आणि ऑर्गनला छोटा यूपीएस लावणे. दुसरी बाब अर्थिंगची. अर्थिंग नसले तर माइकला ओठ लागताच गायकाला झिणझिणी येते, आणि एका हाताने गिटारची तार धरून तोंड माइकला लावणाऱ्याला तर जिवाचा धोका असतो. जाणता साउंडवाला व्यासपीठामागे लोखंडी सळई ठोकतो, तिच्या बुडाशी मीठ घालतो आणि बादलीभर पाणी ओततो. काळ्या जमिनीत ओल टिकली तर अर्थिंग चांगले मिळते; मे महिन्यात तीच जमीन भेगाळलेली असते, म्हणून मध्यंतरात पुन्हा पाणी ओतावे लागते. हे काम श्रोत्यांना कधी दिसत नाही. संचातल्या माणसांचा जीव मात्र त्यावर असतो.

त्यानंतर स्वर जुळवणे. ऑर्गनचा स्वर हवामानाने हलत नाही, ढोलकीचा हलतो. माघातल्या रात्री दव पडू लागले की कातडे ओल धरते आणि शाईचा स्वर खाली येतो. वैशाखातल्या दुपारी तेच कातडे ताणून स्वर वर चढतो. गिटारच्या तारा उलट्या वागतात, उकाड्यात सैलावतात. म्हणून ढोलकीवाला एकीवर भागवत नाही. काळी एक, पांढरी चार, काळी चार अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेल्या ढोलक्या तो बाळगतो आणि गायकाप्रमाणे बदलतो. थंडीत वाट पाहत असलेली ढोलकी हॅलोजनच्या उबेजवळ ठेवलेली असते. ऑर्गनवाल्याचे काम त्यामानाने सोपे दिसते, कारण ट्रान्सपोजचे बटण दाबले की पट्टी बदलते. पण गायक गाण्याच्या आत वर चढला, किंवा घसा बसल्यामुळे आयत्या वेळी अर्धा स्वर खाली आला, तर ते ओळखून एका श्वासात सावरणारा तोच असतो. संचातला ऑर्गनवाला किती चांगला, हे त्याच्या बोटांच्या वेगापेक्षा अशा सावरण्यावरून कळते.

कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो आणि तो गावाप्रमाणे हलतो. गणेशवंदना आधी, मग शिवरायांचे गीत, भीमगीत, भक्तिगीत. त्यापुढे कोळीगीते, जुनी हिंदी गाणी, मिमिक्री, लावणी, आणि शेवटी नाचाची गाणी. बायका-मुले पहिल्या तासाभरात समोर असतात; ती उठू लागली की निवेदक वळण बदलतो. फर्माइशी चिठ्ठीवर येतात, सोबत बक्षिसाची नोट आणि देणाऱ्याचे नाव. ते नाव नीट, पूर्ण आणि मानाने घेतले गेले पाहिजे. त्यात चूक झाली तर तंटा होतो. वन्स मोअर आला की वादकाला आनंद होतो आणि त्याच वेळी घड्याळाकडे लक्ष जाते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तेही सणासाठी, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. या नियमाने रात्रभराचे कार्यक्रम संपले. झोपणाऱ्या गावाच्या आणि आजाऱ्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. वादकासाठी मात्र उशिरा सुरू झालेला कार्यक्रम घाईने आवरण्याचे दडपण वाढले.

   केजच्या मैदानात मोठ्या वाद्यवृंदाचा बाज आला तो संगीतकार अजय-अतुल यांच्या चित्रपटसंगीतातून. ‘नटरंग’ने ढोलकीला नवी झळाळी दिली होती, आणि 2016 च्या ‘सैराट’साठी व्हायोलिनांचा व ब्रासचा मोठा ताफा हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला. ‘सैराट’चे गाणे जत्रेत वाजवायचे म्हणजे त्या साऱ्या ताफ्याचे काम दोन ऑर्गनवाल्यांनी आणि एका ऑक्टोपॅडवाल्याने करायचे. पहिल्या ऑर्गनवर डाव्या हाताला चेलो आणि उजव्या हाताला व्हायोलिने अशी विभागणी करतात; दुसऱ्यावर ब्रास, बासरी आणि मधूनच येणारे घंटानाद. मूळ रचनेत एकाच वेळी पाच-सहा ओळी चालतात. त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची, हे कानाने ठरवावे लागते. श्रोत्याच्या स्मरणात बसलेली ओळ गेली तर गाणे अपुरे वाटते. सगळ्या ओळी कोंबल्या तर नुसता गोंगाट होतो.

ऑक्टोपॅडचेही असेच. रोलँड कंपनीने 1985 मध्ये आणलेले हे आठ पॅडचे वाद्य हिंदी चित्रपटसंगीतात लवकर रुळले आणि तिथून गावच्या संचात आले. एकाच माणसाने दोन काठ्यांनी ड्रमसेट, ताशा, टाळी आणि झांज उभी करायची. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’च्या वेळी हा माणूस घामाने न्हालेला असतो आणि सारे मैदान त्याच्या हातावर नाचत असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रामीण महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत वाद्यवादनाचे जे सर्वांत कल्पक काम झाले, ते या ऑक्टोपॅडवाल्यांनी केले, आणि त्याची नोंद जवळपास कुठेच नाही.

याच वादकांची जागा आता ट्रॅक घेत आहे. गाण्यातला आवाज काढून उरलेले संगीत लॅपटॉपवर वाजवायचे आणि गायकाने वर गायचे, यात दहा माणसांचे मानधन, जेवण आणि गाडी वाचते. हळदीच्या कार्यक्रमांत हे सर्रास झाले आहे. काही संच मधला मार्ग घेतात: व्हायोलिने आणि कोरस ट्रॅकवर, ढोलकी आणि ऑक्टोपॅड प्रत्यक्ष. त्यात वादकाला कानात क्लिक घेऊन ठरल्या लयीतच चालावे लागते. गायिकेने एखादी ओळ लांबवली, समोरच्या बायांनी टाळ्यांनी ती उचलून धरली, तर ट्रॅक थांबत नाही. प्रत्यक्ष वाजवणारा थांबतो, तिच्या समेवर येण्याची वाट पाहतो आणि मग उचलतो. लोक ऑर्केस्ट्राला येतात ते या थांबण्यासाठी आणि उचलण्यासाठी. म्हणून आयोजकांनी चार लाइट कमी लावावेत पण वादक कमी करू नयेत.

मार्च 2020 मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली ती बरोबर चैत्राच्या तोंडावर. त्या वर्षीच्या जत्रा, जयंत्या आणि लग्ने गेली, मग गणपती गेला, आणि पुढच्या वर्षीचा उन्हाळाही गेला. राज्यातली नाट्यगृहे 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली. उघड्या मैदानांवरचे कार्यक्रम हळूहळू सुरू झाले. या काळात अनेकांनी ऑर्गन आणि ऑक्टोपॅड मिळेल त्या किमतीला विकले. वाद्य विकलेला वादक परत येणे अवघड असते, कारण नवे घ्यायला पुन्हा काही हंगाम वाजवावे लागते, आणि वाजवायला वाद्य नसते.

वय झाले की आधी कान जातात. बेसच्या बॉक्सशेजारी वर्षानुवर्षे उभे राहिल्याने ढोलकीवाल्याला आणि ऑक्टोपॅडवाल्याला उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात. कानात सतत एक बारीक शिट्टी राहते. कानात बोळे घालण्याची सवय आता कुठे तरुण मुलांत येत आहे. जागरणाने पित्त, वेळी-अवेळीच्या जेवणाने पोट आणि तासन्तास गाडीत आखडून बसल्याने कंबर धरते. घरची माणसे सणाच्या प्रत्येक दिवशी या माणसाशिवाय सण करतात. गणपतीत घरच्या आरतीला असलेला वादक म्हणजे त्या दिवशी सुपारी नसलेला वादक.

वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. वयाची 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि किमान 15 वर्षे कलेच्या क्षेत्रात काम केलेल्या पात्र कलावंताला तिच्यातून 2024 पासून महिन्याला 5,000 रुपये मिळतात. अर्जाला कामाचे पुरावे जोडावे लागतात, आणि ऑर्केस्ट्रातला वादक तिथेच अडतो. बॅनरवर गायकांचे फोटो असतात, निवेदकाचे नाव असते, आयोजकांची नावे तर असतातच. वादक ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत जातो. मानधन रोख मिळते, त्याची पावती नसते. संचमालक हयात असेल तर त्याच्याकडून सही-शिक्क्याचे अनुभवपत्र घेता येते. तो नसेल तर जुन्या निमंत्रणपत्रिका, सत्कारात मिळालेली प्रशस्तिपत्रे आणि कार्यक्रमांचे फोटो एवढाच आधार उरतो. संचमालकांनी प्रत्येक हंगामाच्या शेवटी वादकांना तारखा आणि गावांसह लेखी पत्र द्यावे, आणि बॅनरच्या तळाशी वाद्यासह त्यांची नावे छापावीत. त्याला छपाईचा जादा खर्च येत नाही.