कमरेवरचा काळा वण

आमच्या थोरल्या काकूंच्या कमरेला एक काळा वण होता. तो त्यांच्याच नव्हे, तर घरांतील बहुतेक वडील बायकांच्या कमरेला असे. नऊवारीची गांठ पन्नास वर्षें एकाच जागीं घट्ट बसली म्हणजे तेथली कातडी काळी पडावयाचीच, असें आम्ही सारे समजत होतों. जोडव्यांनीं बोट झिजावें, तसाच हा प्रकार. संसाराची ती एक खूण होती. तिची काळजी कोणी करीत नसे.

पुढें त्या वणाला चीर पडली व चिरेची जखम झाली. काकूंनीं हळद लाविली, कापूर घातलेलें खोबरेल लाविलें, गांठ दोन बोटें वर सरकविली. पण कोणाला सांगितलें नाहीं. अशीं दीड वर्षें गेलीं. शेवटीं धाकट्या सूनबाईंना लुगडें भिजवितांना रक्ताचा डाग दिसला, तेव्हां घराला कळलें. “अग, एवढ्याशासाठीं कमर सोडून परक्या पुरुषाला का दाखवायची?” असें त्यांचें म्हणणें. नेहमींच्या डॉक्टरांनींही आणखी चार महिने मलमांत घालविले. अखेर एका सरकारी रुग्णालयांत जखमेचा तुकडा काढून तपासला. तो कातडीचा कर्करोग निघाला. जांघेंतील गांठींपर्यंत रोग पोंचला नव्हता, म्हणून काकू आज आमच्यांत आहेत. परंतु रुपयाच्या नाण्याएवढी कातडी काढून जें भागलें असतें, त्यासाठीं तळहाताएवढी काढावी लागली आणि मांडीची कातडी आणून तेथें जोडावी लागली.

पाश्चात्य देशांत या रोगाचें मुख्य कारण ऊन होय. आपल्या सांवळ्या वर्णामुळें त्यापासून आपलें पुष्कळसें रक्षण होतें, आणि म्हणूनच हा रोग आपला नव्हे अशी आपली समजूत झाली आहे. परंतु जी कातडी वर्षानुवर्षें घासली, दाबली किंवा भाजली जाते, तिच्यांतील पेशी पुन्हां पुन्हां मरतात व पुन्हां पुन्हां नव्या होतात. या अखंड दुरुस्तींत कधीं तरी चूक होते. काश्मीरांत थंडीच्या दिवसांत फेरनखालीं निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची चाल आहे. तिच्या धगीनें पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग डॉक्टरांनीं एकोणिसाव्या शतकांतच नोंदविला होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं सूर्याबाई या आपल्या सहकारी विदुषींसह १९४५ सालीं चालीरींतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला, त्यांत धोतराच्या गांठीखालीं होणारा कर्करोग होता. म्हणजे पुरुषांनींही निर्धास्त राहण्याचें कारण नाहीं. आणि २०२४ सालीं वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनीं दोन वृद्ध स्त्रियांची अशीच हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एकीनें चाळीस वर्षें लुगडें कमरेला घट्ट गुंडाळलें होतें, तर दुसरीच्या परकराची नाडी कमरेंत रुतत असे.

सरकार या बाबतींत स्वस्थ बसलें आहे असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. टाटांच्या विश्वस्तनिधीनें १९४१ सालीं उघडलेलें तें रुग्णालय १९५७ सालीं केंद्राच्या आरोग्य खात्यानें हातीं घेतलें, आणि १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याच्या छत्राखालीं आहे. खानोलकर ज्याचे पहिले संचालक झाले, तें कर्करोग संशोधन केंद्र १९५२ सालचें. १९६६ सालीं रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र आलीं. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनें गरजू कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, व २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, मिळकत न पाहतां, तिचा लाभ खुला झाला. आमच्या काकूंचा खर्चही शासकीय योजनेनेंच उचलला.

पण ही सारी मदत रोगाचें नांव ठरल्यावर धांवून येते. आमच्या घरीं दीड वर्ष जें वायां गेलें, तें नांव ठरण्यापूर्वींचें. तिशी उलटलेल्यांच्या तपासणीची जी सरकारी योजना आहे, तींत तोंड, स्तन व गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग येतात. त्यांनीं जाणारे बळी फार, म्हणून त्यांचा मान पहिला, हें योग्यच. आमचें मागणें एवढेंच, कीं घरोघर येणाऱ्या आशाताईंनीं आणखी एक प्रश्न विचारावा: “आजी, कमरेवर न भरणारी जखम आहे का?” या प्रश्नाला एक पैही लागत नाहीं. आणि कमरेच्या वणाची रीतसर पाहणी गांवोगांव व्हावी. एकेका रोग्याच्या हकीकतींवरून शास्त्र उभें राहत नाहीं.

हें काम सरकारनेंच कां करावें, असें कोणी विचारील. औषध विकून नफा होतो, म्हणून औषधाच्या शोधासाठीं भांडवल मिळतें. येथें प्रतिबंधाचा उपाय काय, तर गांठ सैल करणें! त्यांत कोणता व्यापारी पैसा घालील? ज्या उपायांत कोणाचाच नफा नाहीं, तो लोकांपर्यंत पोंचविणें हेंच सरकारचें खरें काम नव्हे काय?

तोंवर घरानें आपलें काम करावें. नाडी बारीक नसावी, पट्टी रुंद असावी. गांठ रोज त्याच जागीं व त्याच जोरानें बांधूं नये. आणि महिनाभरांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवावी. मुख्य म्हणजे घरच्या मोठ्यांना विचारावें. एकत्र कुटुंबांत चौदा माणसें एका छपराखालीं राहतात आणि एकीची जखम दीड वर्ष तेराजणांना कळत नाहीं, याची लाज काकूंना नव्हे, आम्हांला वाटली पाहिजे.

परवां नातसून हळदीकुंकवाला निघाली, तेव्हां काकूंनीं तिला जवळ बोलाविलें. आम्हांला वाटलें, लुगड्याच्या काठाचें कौतुक करावयाचें असेल. त्यांनीं तिच्या कमरेंत दोन बोटें घालून पाहिलीं व म्हणाल्या, “सैल कर ग थोडी. पडत नाहीं लुगडें.”