चला, शाहू स्टेडियमला!

दोस्तांनो, तुम्ही कोल्हापूरला आलात तर पाहुणे तुम्हाला कुठं कुठं नेतील ते मी आत्ताच सांगून ठेवतो. आधी अंबाबाईचं देऊळ, मग रंकाळा, मग पन्हाळा आणि मधे कुठंतरी नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी मिसळ. जाताना बाबांसाठी कोल्हापुरी चपला. झालं कोल्हापूर बघून! पण तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल, तर एक दुपार माझ्यासाठी राखून ठेवा. आपण मॅच बघायला जाऊ. क्रिकेटची नव्हे हं, फुटबॉलची!

हसलात ना? "कोल्हापूर म्हणजे कुस्ती" असंच तुम्ही पुस्तकात वाचलं असणार. ते खरंच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला एवढा आधार दिला की पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. खासबागेचं कुस्तीचं मैदान त्यांनीच बांधलं. पण गंमत अशी, की लाल मातीत घुमणाऱ्या याच तालमींनी पुढं फुटबॉलही आपलासा केला. म्हणून आमच्या टीमची नावं ऐकून बाहेरगावचा माणूस बुचकळ्यात पडतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम! जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी अशी मंडळीही आहेतच. नाव तालमीचं, पायात मात्र बूट आणि समोर गोलपोस्ट. आणि टीम पेठेची, म्हणजे घरचीच. मोठं झाल्यावर आपण ती निवडत नाही. आपलं आडनाव जसं जन्मापासून असतं, तशीच ती असते.

शाहू स्टेडियम आज जिथं आहे, तिथं पूर्वी रावणेश्वराचा तलाव होता. तो बुजवून हे मैदान झालं. मॅचच्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनलाच रस्ते तिकडं वाहायला लागतात. सायकली, मोटरसायकली, एकेका गाडीवर तिघं तिघं (हे तुम्ही करायचं नाही). दारात शेंगदाणे-फुटाण्यांच्या पुड्या. आत पायऱ्यांवर एका बाजूला एका तालमीची माणसं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या तालमीची. हलगी कडाडते, पिपाण्या वाजतात आणि बॉलला पाय लागायच्या आधीच घसा बसतो. मी कितीतरी वर्षं जातोय, तरी आत शिरताना अजून पोटात गोळा येतो.

माझ्या पायरीवर एक आजोबा बसतात. डोक्यावर टोपी, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. ते कधी ओरडत नाहीत. बदली खेळाडूंच्या बाकावर कोण बसलंय, गेल्या साली कुणाचा गुडघा गेला, कुणाची दहावी आहे म्हणून तो महिनाभर आला नाही, हे सगळं त्यांना पाठ. टीम सलग हरत होती तेव्हाही ते त्याच पायरीवर होते. तालमीत असे आणखी लोक असतात. कुणी जर्सी धुवून आणतो, कुणी गोलची जाळी बांधतो, खेळाडूचा पाय मोडला तर कुणी दवाखान्याच्या खर्चासाठी दारोदार वर्गणी मागतो. यांचे फोटो कुठं येत नाहीत. २०१९ च्या महापुरात पेठापेठांतल्या तालमी-मंडळांची पोरं मदतीला धावली होती. पाण्यात अडकलेल्या आजीला "तुमची टीम कुठली?" असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही! आणि २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हा आमच्या चौकातले एकमेकांशी न बोलणारे दोघं एकाच टीव्हीसमोर बसले होते.

पण मी तुम्हाला फक्त चांगलं चांगलं दाखवलं, तर तुम्ही स्टेडियमवर आल्यावर मला खोटारडा म्हणाल.

याच पायऱ्यांवरून शिव्या जातात. साध्या नव्हे, आया-बहिणींवरून. पाण्याच्या बाटल्या जातात, कधी दगडही. आमच्या टीममधून आता आफ्रिकेतले खेळाडूही खेळतात. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या त्या पोरांच्या रंगावरून काहीबाही ओरडणारे महाभाग मी माझ्या कानांनी ऐकलेत. मॅच सुटल्यावर भांडण रस्त्यावर येतं, मग पेठेत जातं. अशा हाणामाऱ्यांपायी मॅच मधेच थांबवाव्या लागल्यात. मॅच थांबली की कोण हरतं सांगू? वर्षभर पहाटे उठून पळणारी बावीस पोरं.

एकदा हे भांडण थेट माझ्या वर्गात आलं. माझी चौथी. अर्धी मुलं एका पेठेतली, अर्धी दुसऱ्या. रविवारी मोठी मॅच झाली होती. सोमवारी वर्गात गेलो तर बाकं दोन बाजूंना सरकवलेली आणि मधे वाट. डबा खातानाही कुणी ती वाट ओलांडेना. एका चष्मेवाल्या पठ्ठ्यानं समोरच्या बाजूला उद्देशून एक घोषणा दिली. ती मी इथं लिहू शकत नाही. त्याला तिचा अर्थही कळत नव्हता. "कुठं शिकलास रे?" विचारलं, तर म्हणाला, "सर, मॅचला सगळेच म्हणत्यात की." सगळेच! त्यात मीही आलो.

रागावून काही होणार नव्हतं. मी पालकांच्या चिठ्ठ्या मागवल्या आणि पुढच्या एका मॅचला सगळी चौथी घेऊन गेलो. अट एकच. सगळे एका पायरीवर बसणार, एका आड एक, या पेठेतला आणि त्या पेठेतला. आणि प्रत्येकाच्या हातात वही. आपल्या टीमबद्दल त्यात काहीच लिहायचं नाही. समोरच्या टीमनं केलेली एक तरी भारी गोष्ट लिहायची.

"आनी केलीच न्हाई तर?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मग वही कोरी आण."

मॅच सुरू झाली. हलगी वाजत होती, मुलं उड्या मारत होती. थोड्या वेळानं आमच्या मागून ती नेहमीची घोषणा सुरू झाली. चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. मग पोलिसांची एक रांग येऊन दोन्ही बाजूंच्या मधे उभी राहिली. आमच्या वर्गाची गोलकीपर एक मुलगी आहे, बॉलला अजिबात भीत नाही. तिनं विचारलं, "सर, पोलिस खेळाडूंना सोडून आपल्याकडंच का बघत्यात?"

आता काय सांगायचं? मी त्यांना कोलकात्याची गोष्ट सांगितली.

कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल असे दोन जुने क्लब आहेत. तिथली घरंच्या घरं या दोघांत वाटलेली. ईस्ट बंगाल जिंकलं की त्यांच्या घरी हिलसा मासा शिजतो, मोहन बागान जिंकलं की त्यांच्याकडं कोळंबी. अशी गोड चुरस. मोहन बागाननं तर १९११ साली, बहुतेक सगळे अनवाणी खेळून, इंग्रजांच्या फौजी संघाला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. पण १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर या दोन संघांची मॅच होती. मैदानावर खेळाडूंची खडाखडी झाली, ती बघून प्रेक्षक एकमेकांवर धावले. पायऱ्यांवर मारामारी, मग पळापळ, चेंगराचेंगरी. मॅच बघायला म्हणून घरातून निघालेले सोळा जण परत गेलेच नाहीत.

मुलं गप्प झाली. "कुठल्या टीमची होती ती?" एकानं हळूच विचारलं. मी म्हणालो, "फुटबॉलची." तिथं दर वर्षी १६ ऑगस्टला त्या सोळा जणांच्या आठवणीसाठी रक्तदान करतात. बाटलीतल्या रक्ताला कुठं रंग असतो जर्सीचा! आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच दोन क्लबांची मॅच रद्द झाली, तेव्हा त्यांचे पाठीराखे आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. शहरात एका तरुण डॉक्टरताईची हत्या झाली होती, तिला न्याय मागायला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं ती.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण गोलकीपर माझ्याकडं बघत होती आणि त्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांच्याच गोष्टी सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी आजवर कुणालाच न सांगितलेलं त्यांना सांगितलं. आता तुम्हालाही सांगतो.

२००१ साल. मी सातवीत होतो. आमची टीम एका गोलनं मागं होती. शेवटी शेवटी आमच्या फॉरवर्डनं बॉल जाळ्यात मारला आणि लाइनमनचा झेंडा वर! ऑफसाइड! म्हणजे साथीदारानं पास दिला तेव्हा तो बचावाच्या पुढं उभा होता. तो खरोखर होता की नव्हता, देव जाणे. मला तर तेव्हा ऑफसाइडचा नियमही धड माहीत नव्हता. पण सगळे उठले, म्हणून मी उठलो. सगळे ओरडले, म्हणून ओरडलो. आणि हाताला लागला तो विटेचा तुकडा भिरकावला.

लाइनमनला तो लागलाच नाही. गोलच्या मागं बॉल आणून द्यायला एक मुलगा बसला होता, माझ्याच वयाचा, बारीकसा. त्याच्या कपाळावर, भुवईच्या वर लागला. तो रडला नाही. नुसता खाली बसला आणि हात लावून बघायला लागला. आमच्याच टीमचा कप्तान पळत गेला, अंगातली जर्सी काढून त्यानं त्याच्या कपाळावर दाबून धरली. आमच्या रंगाची जर्सी. मी दोन दिवस आईकडं हट्ट करून तशीच एक मिळवली होती, ती माझ्या अंगात होती.

मॅच तिथंच थांबली आणि आमची टीम हरली. कप्तान उघड्या अंगानं बाहेर गेला. "कुणी मारला? कुणी मारला?" अशी चौकशी झाली. माझ्या शेजारचे म्हणाले, "आमच्यातलं कुणी न्हाई." मी मान डोलावली.

हे सांगून झालं तोवर खाली मॅच रंगात आली होती. समोरच्या टीमच्या गोलकीपरनं डावीकडं झेपावून कोपऱ्यात जाणारा बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. चष्मेवाला उठून टाळ्या वाजवायला लागला. मागच्या पायरीवरचा एक दादा खेकसला, "ए बारक्या, कुणाकडनं हाईस?" पोरगा दचकला. मग टोपीवाले आजोबा मागं न बघताच म्हणाले, "माझ्याकडनं हाय त्यो. वाजव रं."

ती मॅच बरोबरीत सुटली. बाहेर पडताना मी वह्या गोळा केल्या. कोरी एकही नव्हती. काहींनी नुसतंच "त्यांनी बॉल चांगला मारला" असं लिहिलं होतं, तेही खाडाखोड करून. चष्मेवाल्यानं लिहिलं होतं, "त्यांच्या गोलकीपरनं उडी मारली. आमचा गोल गेला. मला लई राग आला. पण उडी भारी होती." दुसऱ्या दिवशी बाकं अजून दोन बाजूंनाच होती, खोटं कशाला सांगू? डबा खाताना मात्र दोघं-तिघं वाट ओलांडून आले. बाकीच्यांना पुढं आठवडा लागला.

स्टेडियममधून शाळेकडं चालत येताना गोलकीपर माझ्या शेजारी आली.

"सर, तुमी त्याला सॉरी म्हनला का?"

"कुणाला?"

"बॉलवाल्या पोराला."

"नाही गं. तो कोण होता, कुठला होता, मला माहीतच नाही. आता मोठा झाला असेल, माझ्याएवढा."

तिनं थोडा विचार केला. "पन मॅचला येतच असंल की त्यो. कपाळावर खूण असंल. बघायची."

तेव्हापासून स्टेडियमवर गेलो की मी आधी खाली मैदानाकडं बघत नाही. पायऱ्यांवरून नजर फिरवतो, आमच्या बाजूच्या आणि समोरच्याही. माझ्या वयाची माणसं असतात, पोराबाळांना घेऊन आलेली. ऊन तिरपं होऊन तोंडावर येतं तेव्हा कपाळं नीट दिसतात. अजून तो सापडलेला नाही.