मनातला चेहरा
सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ २०१३ साली पडद्यावर आली, तेव्हा वाशीमच्या आमच्या घरी चिरंजीवांनी आकांत मांडला, ‘स्वप्नील जोशी? छे, हा श्रेयस नव्हेच!’ आम्हांस हसू आले नाही. बालपणी मातोश्री आम्हांस सानेगुरुजींची ‘श्यामची आई’ वाचून दाखवीत. त्या वेळी श्यामच्या आईस मातोश्रींचाच चेहरा होता. पुढे अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहिला. वनमालाबाईंनी भूमिका इतकी उत्तम वठविली होती, की तक्रारीस जागाच उरली नाही. आज मातोश्री हयात नाहीत, आणि पुस्तक उघडावे तो वनमालाबाईच दिसतात. चिरंजीवांचा श्रेयस निदान त्यांच्यापाशी शाबूत आहे. वाचकहो, नट पसंत न पडणे हेही एक भाग्यच होय!