झोळीचे मोल

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत एक बातमी दरवर्षी, केवळ गडाचे नाव बदलून, पुन्हा छापली जाते. काही तरुण वाट चुकले, कड्यावर अडकले, रात्रभर शोध घेऊन गावकऱ्यांनी व गिर्यारोहकांनी त्यांना खाली आणले. त्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली असते : ह्यांच्याकडून पैन् पै वसूल करा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये हळहळ संपायच्या आतच हा सूर लागला. शोधकार्याचा खर्च कोणी सोसायचा, इथपासून चर्चा सुरू झाली आणि 'दंडाशिवाय शिस्त नाही' इथे ती थांबली. एरवी अशा चर्चेत मी हिरिरीने बोलते. त्या दिवशी गप्प राहिले, कारण तेरा वर्षांपूर्वीचा एक हिशेब माझ्याच नावावर बाकी होता.

जुलै २०११. एम. ए.च्या अकरा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे अध्यापक हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. आमची पिढी गडांवर गेली ती गोनीदांचे बोट धरून. विद्यार्थ्यांनाही तसेच न्यावे, ही माझी हौस. खिरेश्वरला पोचलो, गावाजवळचे नागेश्वराचे मंदिर पाहिले. तिथल्या शेषशायी विष्णूच्या शिल्पासमोर मी दीड तास बोलले. व्याख्यान चांगले झाले असावे, कारण घड्याळाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. टोलार खिंडीच्या वाटेला लागलो तेव्हा बारा वाजून गेले होते. चढणीच्या तोंडाशी खाचरात भाताची आवणी चालली होती. चिखलात पोटरीपर्यंत उभे असलेले एक म्हातारबाबा कंबर सरळ करून म्हणाले, "बाई, आता नका निघू. खिंडीत ढग बसलाय, तो उठायचा नाही."

मी काय केले? पिशवीतून वही काढली आणि ते वाक्य टिपून घेतले. ढग 'बसणे' आणि 'उठणे' ह्या क्रियापदांचा हा वापर मला विलक्षण वाटला. लोकबोलीवरच्या पुढच्या तासाला ते उदाहरण म्हणून चालणार होते. वाक्याचा अर्थ मात्र मी घेतला नाही. वही आत ठेवली आणि पुढे निघाले.

ढग खरोखरच बसलेला होता. खिंडीच्या वरच्या ओल्या कातळावर एक विद्यार्थी घसरला. नडगीचे हाड मोडल्याचे डोळ्यांनीच दिसत होते. चार वाजले होते, मोबाइलला रेंज नव्हती, तेरा जणांत मिळून तीन बॅटऱ्या होत्या. दोन मुले धावत खाली गेली. अडीच तासांनी सहा माणसे वर आली. अंगावर इरली, हातात एक लांब वासा, घोंगडी आणि सोल. त्यांनी घोंगडीची झोळी बांधली, मुलाला तीत घातले आणि तो निसरडा उतार अंधारात अशा रीतीने उतरवला की, झोळी कुठे आपटली नाही. मधूनमधून ते खांदे बदलत. बोलत जवळजवळ नव्हतेच. गावात पोचायला रात्रीचे दहा वाजून गेले. पुढे जीप, दवाखाना, पालकांना फोन. ह्या सगळ्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. मुलगा बरा झाला. आज तो एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो.

त्या सहा जणांत ते बाबाही होते. पहाटे मी सर्वांकडून जमवलेले बाराशे रुपये त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात मागे घेतला. "पैशाचं राहू द्या, बाई. उन्हाळ्यात पडकईला या."

पडकई म्हणजे त्या भागातली सामुदायिक श्रमाची रीत. डोंगरउतारावर दगडांचे बांध रचून भातखाचरे तयार करायला सगळ्यांनी मिळून एकेकाच्या रानात राबायचे, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तेथील महादेव कोळी समाजात ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. बाबांच्या लेखी आम्हांला खाली आणणे हे ह्याच व्यवहारातले एक काम होते. त्याला दर नव्हता, म्हणून ते फुकटही नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले नाही. उत्तरपत्रिका तपासणी होती. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही होती.

'खर्च वसूल करा' हे वाक्य ऐकले की मी मला स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून पाहते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजी पदभ्रमणकर्त्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदा आहे. २०१५ पासून तिथे पंचवीस डॉलरचे वार्षिक कार्डही मिळते. ते घेतले की निव्वळ निष्काळजीपणा माफ होतो, बेदरकारपणा मात्र नाही. त्या कायद्याखाली माझ्यावर बिल निघालेच असते, आणि ते न्याय्य ठरले असते. उशिरा निघणे, इशारा डावलणे, पुरेशा बॅटऱ्या नसणे, हे सारे माझे दोष होते, विद्यार्थ्यांचा एकही नव्हता. पण बिल येणार हे मला त्या कातळावर ठाऊक असते तर? मी स्वतःला ओळखते. ती दोन मुले मी लगेच खाली पाठवली नसती. 'बघू, आपणच हळूहळू उतरवू' असे म्हणून तासभर घालवला असता. आणि कदाचित आणखी एखादा घसरला असता. ब्रिटनमधली डोंगरातली बचाव पथके स्वयंसेवकांची असूनही सुटकेचे पैसे घेत नाहीत, त्यामागे हीच भीती आहे : बिलाच्या धास्तीने माणूस हाक मारायला उशीर करतो, आणि त्या उशिराची किंमत वाचवणाऱ्यालाही मोजावी लागते.

फ्रान्सने निराळी वाट धरली. १९५६ च्या डिसेंबरात मॉंब्लांवर दोन तरुण गिर्यारोहक अडकले. त्यांना वाचवायला गेलेले हेलिकॉप्टर कोसळले, आणि अखेर त्या दोघांना तिथेच सोडून द्यावे लागले. त्या लाजिरवाण्या प्रसंगानंतर १९५८ मध्ये डोंगरातल्या सुटकेची जबाबदारी शासनाने आपल्याकडे घेतली.

आपल्याकडे दंडही नाही आणि तशी व्यवस्थाही नाही. खर्च मात्र होतोच. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मुले आपली नोकरी-धंदा बाजूला ठेवून दरीत उतरतात. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळली, तेव्हाही खोल दरीतून मृतदेह वर आणायला गिर्यारोहकच दोर घेऊन उतरले. (तिथे वाट चुकलेल्या गिर्यारोहकांचा प्रश्नच नव्हता, हे वसुलीवाद्यांनी ध्यानात घ्यावे.) आणि ज्यांचे नाव कुठल्याच बातमीत येत नाही, ते पायथ्याच्या गावातले लोक. ऐन आवणीत सहा माणसांचे हात खाचरातून निघाले की रोप वाट पाहत राहत नाही. कित्येक गडांखाली आता प्रवेशशुल्काची पावती फाडली जाते. त्या पैशांतला ठरावीक वाटा दोर, स्ट्रेचर, उतरणाऱ्यांचा विमा आणि गावकऱ्यांच्या बुडालेल्या रोजासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते. प्रत्येक चढणाऱ्याने अपघाताआधी भरायचे हे पैसे. सापडलेल्या एकट्याकडून मागाहून वसूल करायचे नव्हेत. मनाईहुकूम दरवर्षी निघतात. त्यांनी ह्यातले काही साधत नाही.

मात्र ह्या योजनेत माझी बाकी बसत नाही, हेही मला कळत होते. गेल्या वर्षी मे महिन्यात चार विद्यार्थ्यांना घेऊन मी खिरेश्वरला गेले. बाबा आता नाहीत. त्यांच्या मुलाच्या वावरात बांधाचे काम चालले होते. मी त्यांना ओळख सांगितली, टोलार खिंड, झोळी, मोडलेला पाय.

"कोणतं पोरगं?" त्यांनी विचारले. "लई पोरं आणली खाली."

मी वर्ष सांगितले. त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिले, मान हलवली आणि भरलेले घमेले माझ्या हातात दिले.