तिघांचा बँड

संगीतावर लिहायचे तर रागदारीवर किंवा निदान नाट्यगीतांवर लिहावे, अशी वार्षिकांची जुनी रीत. मी मात्र लिहिणार आहे संगणकावरील एका खेळाच्या धूनवर, आणि तीही माझ्या जन्माच्या वीसेक वर्षे आधीची!

खेळाचे नाव ‘कमांडो’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८५ साली तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला. त्याच वर्षी इंग्लंडच्या एलीट कंपनीने तो कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर आणला. कथा म्हणाल तर अशी की, सुपर जो नावाचा एकटा शिपाई हेलिकॉप्टरमधून उतरतो, हातात बंदूक आणि हातबाँब, समोर सगळी फौज. माणसे मरतात, पुन्हा येतात. खेळ म्हणून तो मला दोन-चार डावांतच पुरे झाला. धून मात्र पुरी होत नाही.

ती रॉब हबर्डची. हा इंग्लंडातील हल गावचा, मूळचा पेशेवर वादक. मूळ यंत्रावरची धून त्याने एकदा ऐकली, कंपनीच्या कचेरीत रात्रभर बसून आपल्या मनासारखी नवी रचली, आणि सकाळी माणसे कामावर आली तेव्हा तेथील संगणकांवर तीच वाजत होती, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. तीही कागदावर स्वर लिहून नव्हे; यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत!

संगणकाची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. मोबाइलमधील एखादा फोटोही याहून कितीतरी मोठा. आवाजासाठी बॉब यानेसने आखलेली सिड नावाची चिप. तिला एका वेळी तीनच आवाज. मग भरगच्चपणा आणायचा कसा? एकाच आवाजाला सा, ग, प असे इतक्या झपाट्याने फिरवायचे, सेकंदाला पन्नास वेळांपर्यंत, की कानाला तिन्ही स्वर एकदम लागल्यासारखे वाटावेत. ताल हवा तर सूर धरलेला आवाज क्षणभर सूर सोडून नुसता खरखराट करतो आणि लगेच जागेवर येतो.

हे सारे मी वसतिगृहात मैत्रिणीच्या मोबाइलवर ऐकले, वाचले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आण्णांना ऐकवले. आमचे आण्णा बँडवाले. क्लॅरोनेट वाजवतात. मी लहान असताना पथकात अकरा माणसे होती, लाल कोट होते. मग वरातींतून डीजे आला. आता क्लॅरोनेट, ट्रम्पेट आणि ढोल, एवढेच उरले आहेत. (माझ्या प्रवेशाची फी त्या अकरांच्या काळात सहज निघाली असती, असे आई म्हणते. असो.)

आण्णांनी डोळे मिटून ऐकले. “किती माणसं हायेत?” त्यांनी विचारले.

“माणसे नाहीत आण्णा, यंत्र आहे. पण आवाज तीनच.”

“तीन कशानं? ढोल कोण वाजवतोय मग?”

मी वरची युक्ती समजावून सांगितली. सेकंदाचे आकडे त्यांनी सोडून दिले. पण सूर सोडून ताल धरून परत यायचे, हे त्यांना तत्काळ पटले. “आमचा ट्रम्पेटवालाबी आता झांज पायाला बांधतो,” ते म्हणाले. आमच्या वर्गात चिपचे काम इतक्या थोडक्यात कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

मग त्यांनी पेटीतून क्लॅरोनेट काढली. वरची ओळ दोनदा ऐकून बोटांवर घेतली. लय मात्र गाठता येईना. “याला दम घ्यावा लागत न्हाई, पोरी,” म्हणाले, आणि जिथे दम घ्यायचा तिथे एक स्वर गाळून, थोडी संथ करून पूर्ण वाजवली. शेजारची पोरे दारात जमली होती. नाचलीसुद्धा!

ढोलवाल्या काकांना त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. वैशाखातल्या वरातीत वाजवू म्हणतात. सुपारी अजून आलेली नाही.